खिशाला टांगलेली खार

हेल्वीनं, म्हणजे माझ्या आईनं,
शाळेच्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या कोटाला दोरीनं बांधली
ही प्लास्टिकची खार.
उजेड पडला की चमकते. नाही पडला तर नसतेच.
“गाडीवाल्याला तू दिसायला हवीस,” एवढंच म्हणाली
आणि कानटोपी माझ्या भुवयांपर्यंत ओढली.

चाळीस वर्षं झाली. कोट बदलले, दोऱ्या बदलल्या,
खारीचं शेपूट झिजून बोथट झालं.
इथे कुहमोत डिसेंबरचा सूर्य
कॉफीलाही न थांबणाऱ्या पाहुण्यासारखा
उंबऱ्यावरूनच परत जातो.
वृद्धाश्रमातली माझी रात्रपाळी सुटते पहाटे पाचला.
अकरा म्हाताऱ्यांची कूस बदलून
अंगात जे काही साचतं
ते पळाल्याशिवाय जात नाही.

निघण्याआधी फ्रिजवर चिठ्ठी लावते:
तलावाला वळसा. पावणेसातला परत.
घरात वाचायला कुणी नाही.
जे कुणी दार फोडून आत येतील
त्यांना शोध कुठून सुरू करायचा ते कळावं, इतकंच.

बहीण ओउलूहून बजावते,
एक कान उघडा ठेव,
फोन छातीशी ठेव, थंडीत बॅटरी मरते,
रोज एकच वाट धरू नकोस.
अगं सिर्का, इथे वाटच एक आहे.
बाकी बर्फ, आणि त्याखाली तलाव.

त्या पहाटे उणे एकोणीस.
मागून गाडी आली. दिवे माझ्या अंगावरून पुढे सरकले नाहीत.
माझी सावली माझ्यापुढे लांबच लांब पडली
आणि तिथेच राहिली.
मी हळू झाले, गाडी हळू झाली.
मी थांबले. इंजिन जागच्या जागी गुरगुरत राहिलं.
वळून पाहिलं तर नुसता पांढरा उजेड,
आणि माझ्या खिशाशी खार अशी लखलखत होती
जणू तिलाच बोलावणं आलंय.
कुणाला दिसायचं ते आपल्या हातात नसतं,
हे आईनं सांगितलं नव्हतं.

पुढचं नीट आठवत नाही.
रस्त्याकडेची खुणेची काठी मोडली, मांडीपर्यंत बर्फ,
मग स्प्रूसची झाडं,
आणि खार मुठीत.
जीव मुठीत धरणं म्हणतात ते हे:
गार प्लास्टिक, तळव्यात रुतलेली पिन,
श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तोंडावर दाबलेली बाही.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज. नंतर, बंद झाल्याचा.
मधली शांतता मी मोजली नाही.

गाडी गेली. मी हलले नाही.
पाठीवरचा घाम गोठू लागला होता,
इथे लपून राहणाऱ्यालाही थंडी शोधून काढते,
तिला उजेड लागत नाही.

मग दूरवरून लोखंड रस्त्यावर घासत आलं.
गरगर फिरणारा पिवळा दिवा, बर्फ उडवणारा नांगर.
टाइस्टो.
त्याच्या आईची कूस मी आठवड्यातून चार रात्री बदलते.
मी मूठ उघडली.

तो थांबला. माझ्या अंगावरचा बर्फ पाहिला,
मग रस्त्यावरच्या टायरच्या खुणा.
विचारलं काहीच नाही.
केबिनचं दार उघडलं, मी मान हलवली,
तर दार लावून घेतलं, फाळ खाली टाकला
आणि माझ्या चालीनं पुढे निघाला.
त्या खरवडलेल्या रस्त्यावरून मी त्याच्या मागे,
टपालपेट्यांच्या रांगेपर्यंत.
तिथे काच खाली करून म्हणाला,
“तलावाकडचा रस्ता मी सहाला काढतो. रविवारी नाही.”

सिर्का विचारते, गाडीत होतं कोण?
माहीत नाही. नंबर दिसला नाही.
कुणी वाट चुकलेला असेल.
वाट एकच आहे इथे. तरी, असेल.

चिठ्ठी आता जरा लांबली आहे:
तलावाला वळसा. टाइस्टोला विचारा.
खार खिशाबाहेरच असते,
फक्त उजवा हातमोजा मी सैल घालते.
आणि रविवारी अंगणातच फेऱ्या मारते,
चिडून, चौसष्ट फेऱ्या,
शेजाऱ्यांचा कुत्रा तेवढा प्रत्येक फेरीला मान वळवतो.